मीटरवरचे मैल आणि गाडीखालचा गंज

जुनी गाडी बघायला गेलेल्या माणसाची नजर आधी मीटरवर जाते. ब्रिटनमध्येही तसंच. पण गाडी पुढची दहा वर्षं वापरायची असेल, तर या आकड्यावर फार विसंबू नये. ते मैल कसे पडले, हे जास्त महत्त्वाचं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेलं पेट्रोलही. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापतं आणि हे पाणी उडून जातं. शाळा, दुकान, घर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते साचत राहतं. म्हणून मोटरवेवर लाखभर मैल पळालेलं, वेळेवर ऑइल बदललेलं इंजिन हे गावातल्या गावात तीस हजार मैल फिरलेल्या इंजिनापेक्षा बरेचदा निरोगी निघतं.

हा सगळा विचार इस्टेट कार निवडताना करायचा आहे. इस्टेट कार म्हणजे मागच्या दारापर्यंत छत लांबवलेली, डिकी आणि बैठक एकाच पोकळीत असलेली गाडी. आपल्याकडे १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली, पण हा प्रकार इथे रुजला नाही. युरोपात मात्र मुलं, कुत्रा आणि सामान घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांची ही जुनी सोबतीण. यातल्या बऱ्याच गाड्या डिझेलच्या आहेत. त्यांच्या धुराड्यातल्या गाळणीत काजळी अडकते आणि ती जाळून टाकायला सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. छोट्या फेऱ्यांत ते गाठलं जात नाही; गाळणी तुंबते आणि खर्च मोठा येतो. शिवाय लंडनच्या अति-कमी-प्रदूषण क्षेत्रात जुन्या, साधारण २०१५ आधीच्या डिझेल गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड पडतात. रोज मोटरवेवर जाणाऱ्यानेच डिझेल घ्यावं.

इंजिन बदलता येतं. गंजलेला सांगाडा बदलता येत नाही, म्हणून माझ्या मते खरी परीक्षा गाडीच्या पोटाखाली असते. हिवाळ्यात रस्त्यावर पाणी गोठू नये म्हणून मीठ टाकतात. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे लोखंडाच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे इलेक्ट्रॉन सहज वाहतात आणि गंज वेगाने चढतो. कोकणात समुद्राकाठच्या गाड्यांना खारी हवा हेच करते. जस्ताचा मुलामा असेल तर आधी जस्त झिजतं, पोलाद वाचतं. पण जोडांत, दारांखालच्या पट्टीत, ब्रेकच्या नळ्यांवर ओल टिकते आणि तिथेच घात होतो.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते. नुसता नंबर टाकला की तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. नापास झाल्याचे शेरे सगळे वाचतात. पास करताना दिलेल्या सूचना वाचा. ‘ब्रेकच्या नळीवर गंज’ ही सूचना लागोपाठ तीन वर्षं दिसली, तर मालकाने गाडीकडे लक्ष दिलेलं नाही.

एकच इस्टेट कार सुचवायची तर टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड. २०१३ पासून ती इंग्लंडमध्येच, बर्नास्टनच्या कारखान्यात बनली. तिच्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, आल्टरनेटर नाही. टायमिंगला पट्ट्याऐवजी चेन आहे. जे नाहीच, ते बिघडणार कसं? दोन गोष्टी सांभाळा. बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी धूळ आणि कुत्र्याचे केस साचतात, ते साफ ठेवा. ब्रेक लावताना बरंच काम मोटर करते, त्यामुळे ब्रेकच्या चकत्या कमी वापरल्या जातात आणि गंजतात. त्या तपासून घ्या.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, गाडीच्या शोधात असलेल्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं: इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून बघा, सर्व्हिसच्या पावत्या मागा आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहा. विकणारा लिफ्टवर चढवू देत नसेल, तर ती गाडी घेऊ नका.