खाड्याचा हिशेब

भाईंदर पूर्वेची खारी म्हणजे काही मलबार हिल नव्हे. खारी, नवघर, गोडदेव ही एकेकाळची वेगवेगळी गावं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपासहून आठ लाखांच्या वर गेली. अशा उपनगरात घरकामगारांशी उद्धट वागणारी लाडावलेली मुलं हा विषय परका वाटेल. पण धुण्याभांड्यांना बाई लावायला बंगला लागत नाही. हप्त्यांवर घेतलेल्या दोन खोल्या आणि सकाळची लोकल गाठायची घाई एवढं पुरतं. आपण सुखवस्तू आहोत असं ज्याला कधी वाटत नाही, तो तरुणही इथे कुणाचा तरी मालक असतो, फक्त तसं तो स्वतःला म्हणवत नाही.

या पिढीची भाषा मऊ झाली, हे मान्य करायलाच हवं. 'मोलकरीण' हा शब्द तिला खटकतो. ती 'मावशी' म्हणते, 'ताई' म्हणते. कामाच्या बाईसाठी ठेवलेल्या वेगळ्या कपाची तिला लाज वाटते. पण माणसाची किंमत हाकेपेक्षा हिशेबात कळते, आणि हिशेब अजून आजीच्याच काळातला आहे. पूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाशेजारी बाईचे खाडे मांडले जात; आता ते मोबाइलमध्ये मांडले जातात. आपल्या कंपनीत आजारपणाची रजा, नैमित्तिक रजा, साठलेली रजा तोंडपाठ असलेला मुलगा मावशींच्या दोन दिवसांच्या तापाला 'दांडी' म्हणतो. रजा आणि दांडी या दोन शब्दांत सगळं अंतर आहे.

हे भांडण नवं नाही. १९८० साली पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला, त्याची ठिणगी आजारपणातल्या खाड्यांवरून एका बाईचं काम सुटण्यातून पडली. त्यातून संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला, पण तो नावाप्रमाणे कल्याणाचा: नोंदणी, मदत, सन्मानधन. हक्काची साप्ताहिक सुटी त्यात नाही. वीस किंवा अधिक माणसं राबवणाऱ्या दुकानाला मात्र २०१७ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि वर्षाला आठ नैमित्तिक रजा द्याव्या लागतात. २०२५ साली एका ॲपने मुंबईत पंधरा मिनिटांत कामाला बाई पाठवण्याची सेवा 'इन्स्टा मेड्स' नावाने आणली. 'मेड' शब्दावर टीका झाली आणि नाव बदलून 'इन्स्टा हेल्प' झालं. तरुण ग्राहकाचं समाधान शब्दावरच कसं होतं, हे त्या नामबदलाने दाखवून दिलं. (ॲपवर दर आणि वेळ आधी ठरते, हे मात्र चांगलंच. मावशींशी ते कुठे ठरलेलं असतं?)

मावशींनाही पगारी रजा द्या म्हटलं, की तीन आक्षेप ठरलेले असतात. बाया न सांगता राहतात, हा पहिला. खरं आहे, पण सांगितलं तरी पैसे कापले जाणार आणि वर बोलणी बसणार असतील, तर सांगण्यात तिचा फायदा कोणता? सांगण्याची सवय पगारी रजेतूनच लागते, नोकरदार तरुणाला ती तशीच लागली. दिवाळीचा बोनस, जुने कपडे, मुलीच्या वह्या हे सगळं देतो की, असंही म्हटलं जातं. ते देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि मर्जी फिरली की परत मागता येत नाही. परवडत नाही, हा तिसरा आक्षेप, आणि खारीतल्या हप्तेवाल्या घरात तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आकडाच मांडू. समजा, भांड्यांचे महिन्याला दीड हजार ठरले आहेत. दोन खाडे कापले नाहीत, तर घराला शंभर रुपये पडतात. पाच घरं करणाऱ्या बाईला मात्र तेच तापाचे दोन दिवस पाचशेला पडतात.