अभ्यासिकेतला रुग्ण

सदाशिव पेठ, नारायण पेठ किंवा शास्त्री रस्त्यालगत ज्यांचे चिकित्सालय वा औषधी दुकान आहे, त्यांना हा रुग्ण नवा नाही. मराठवाड्यातून वा विदर्भातून राज्यसेवेच्या तयारीसाठी आलेला, कॉट बेसिसवर राहणारा, मध्यरात्रीनंतरही अभ्यासिकेत बसणारा हा तरुण ‘स्मरणशक्तीसाठी काहीतरी द्या’ एवढेच म्हणतो. आपणही बहुधा सारस्वतारिष्टाची बाटली पुढे करतो. खरी व्यथा तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर बाहेर येते. बरोबरीचे मित्र नोकरीत स्थिरावले, त्यांची लग्ने झाली. घरून येणाऱ्या दूरध्वनीची धास्ती वाटते. स्वतःचा वाढदिवस नकोसा होतो.

यास मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१६ मध्ये राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे झाली. संधी वाढली, तशी प्रतीक्षाही लांबली. ५ एप्रिल २०२० रोजी होणारी पूर्वपरीक्षा महामारीत वारंवार पुढे ढकलली गेली. १४ मार्च २०२१ ही तारीखही टळल्याचे तीन दिवस आधी कळले, तेव्हा शास्त्री रस्त्यावर उमेदवार उतरले. अखेर २१ मार्चला परीक्षा झाली. मधले वर्ष मात्र प्रत्येकाच्या वयात जमा झाले होते.

असात्म्येन्द्रियार्थसंयोग व प्रज्ञापराध यांच्याबरोबर परिणाम, म्हणजे काळ, यासही आपल्या शास्त्राने रोगहेतू मानले आहे. तेथे मुख्यतः ऋतुकाल अभिप्रेत आहे हे खरे. तरीही या रुग्णाकडे पाहताना तो शब्द आठवल्यावाचून राहत नाही. अतिचिंतनाने रसवह स्रोतस दुष्ट होते, असे चरकाचार्य विमानस्थानात सांगतात. त्यात रात्रिजागरणाची रूक्षता, खानावळीतील अवेळी जेवण आणि चहावर चहा. अरुची, अंगसाद, अग्निमांद्य ही लक्षणे मग क्रमानेच येतात. अशा वेळी मेध्य औषधाआधी झोपेची वेळ ठरवून द्यावी, पादाभ्यंग सुचवावा. अश्वगंधा, ब्राह्मी त्यानंतर.

सत्त्वावजयाचा विचार आपण ग्रंथात वाचतो आणि चिकित्सालयात विसरतो, अशी माझी तक्रार आहे (तीत मीही आलोच). आणखी किती प्रयत्न करावयाचे, हे रुग्णाने स्वतःच ठरवून कागदावर लिहावे. दुसरी वाटही त्याच कागदावर असावी. अमर्याद प्रतीक्षेला अशी सीमा पडली की चिंतेलाही काही आकार येतो.

दुकानदार बंधूंनी बाटली देण्यापूर्वी झोपेच्या गोळ्या वा थायरॉइडचे औषध चालू आहे काय, हे अवश्य विचारावे. अशा रुग्णास अश्वगंधा परस्पर देऊ नये. चिकित्सकाने आणखी एक प्रश्न टाळू नये: जीव नकोसा होतो काय? हा विचार विचारल्याने मनात शिरत नाही. आधीच असलेला बोलता येतो. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णास एकटे परत पाठवू नये. नातेवाईक वा मित्रास बोलावून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतही मिळते. औषधाच्या पिशवीत या क्रमांकाची चिठ्ठी सहज घालता येते.