खाडीकाठची झोप

भाट्याच्या खाडीतून भरती धरून काजळी नदीत कयाक घालावी आणि रात्रीचा मुक्काम काठच्या एखाद्या पुळणीवर करावा, असा बेत ज्यांच्या मनात येतो, त्यांना पांघरुणाची आठवण सर्वांत शेवटी होते; आणि मग दुकानदार त्यांच्यापुढे हिमालयाच्या हिशेबाने शिवलेली स्लीपिंग बॅग ठेवतो. वास्तविक रत्नागिरीत ऐन पौषातही पारा सहसा १८-२० अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. इथे माणसाला छळते ती थंडी नव्हे, ओल.

पहिल्या खेपेस मी घरची गोधडी नेली होती. कयाकच्या तळाशी साचलेले ओंजळ-दोन ओंजळ पाणी तिने असे निष्ठेने शोषले की, पुढे दोन दिवस गडग्यावर उन्हात पसरूनही तिचा कुबट वास गेला नाही. सुताचा हा स्वभावच. एरवी मायाळू असलेली गोधडी होडीत निरुपयोगी ठरते.

पांघरूण स्वतः ऊब देत नसते. त्याच्या तंतूंत अडकलेली निश्चल हवा देहाची ऊब राखते. बदकाच्या वा हंसाच्या मऊ पिसांत ही हवा विपुल मावते, वजनही अल्प. परंतु पिसे भिजली की गोळा होऊन बसतात आणि हवेला थारा उरत नाही. कृत्रिम तंतूंची पिशवी थोडी जड व अवजड खरी, तथापि ओली झाली तरी काहीशी ऊब टिकवते आणि लवकर वाळते. सबब खाडीसाठी माझा कौल निःसंशय तिलाच. १८९५ साली नान्सेन आणि योहान्सेन हे नॉर्वेजियन दर्यावर्दी घसरगाड्यांवर दोन कयाक लादून उत्तर ध्रुवाकडे निघाले, तेव्हा दिवसा कपड्यांत गोठलेला घाम दोघांच्या सामाईक पिशवीत रात्री वितळे. त्या हिमप्रदेशातही ओलीने पाठ सोडली नाही, मग कोकणाची काय कथा!

पिशवीवर उष्णतामानाचे आकडे छापलेले असतात. युरोपीय प्रमाणानुसार त्यांतला ‘कम्फर्ट’ हा आकडा सैलावून निजलेल्या सर्वसाधारण स्त्रीच्या सोयीचा, तर ‘लिमिट’ हा अंग आखडून निजणाऱ्या पुरुषाच्या सहनशक्तीचा. आपण पहिलाच पाहावा. १० ते १५ अंशांची पिशवी इकडे पुष्कळ झाली. साखळी पायांपर्यंत पूर्ण उघडणारी असावी, म्हणजे पूर्वरात्री ती रजईसारखी पांघरता येते आणि पहाटे मतलई सुटली की आत शिरून साखळी ओढून घेता येते. अंगाखाली दबलेला भाग हवा गमावतो, म्हणून खाली चटई हवीच. वर कापडी छत नसेल, तर दव सकाळपर्यंत सारी पिशवी चिंब करते.

कयाकच्या सामानकप्प्याचे तोंड अरुंद, त्यामुळे पिशवीची गुंडाळी तोंड वळवून बंद होणाऱ्या जलरोधक थैलीत भरून, दुकानातच तिचा घेर मापून पाहावा. मुक्कामाची जागा निवडताना भरतीने टाकलेल्या केरकचऱ्याच्या रेषेच्या बऱ्याच वर सरकावे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर अधिकच.

घरी परतल्यावर पिशवी गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावी. कापडात मीठ राहिले, तर ते हवेतली ओल ओढत राहते, आणि पुढच्या सहलीस पिशवी थैलीतून काढताच हाताला ओलसर लागते.