प्रकाशाचं चिपटं-मापटं

माझा पहिला रोल कोरा निघाला. मामाने त्याचा पेन्टॅक्स के १००० माझ्या हाती दिला होता. वाईजवळच्या मेणवलीला जाऊन मी कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, धुणं बडवणाऱ्या बायका असे छत्तीस फोटो काढले. आठवड्याने स्टुडिओतून नुसती पारदर्शक पट्टी हातात आली. धुणाऱ्याने रोल बिघडवला म्हणून मी तणतणत होतो. मामाने पट्टी खिडकीसमोर धरली आणि तिच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे फिल्मचं नाव आणि ओळीने आकडे ठळक उमटलेले होते. ही अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने टिपलेली असतात आणि रोल धुतल्यावर दिसू लागतात. ती दिसतात, म्हणजे धुलाई नीट झाली. चित्र नाही, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडलाच नाही. रोलचं टोक स्पूलच्या खाचेत नीट अडकलं नव्हतं. मी छत्तीस वेळा लिव्हर ओढला आणि फिल्म डबीतून बाहेर आलीच नाही.

फिल्म कॅमेरा शिकायला बसलेल्या प्रत्येकाला मी म्हणूनच आधी रोल भरायला शिकवतो. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला वर एक गोल कळ असते. शेवटी रोल परत डबीत गुंडाळायला ती लागते. रोल भरून मागचं झाकण लावलं की ती बाणाच्या दिशेने अलगद फिरवून फिल्म ताणून घ्यायची आणि मग लिव्हर ओढताना तिच्यावर नजर ठेवायची. कळ फिरली तर फिल्म सरकते आहे. फिरली नाही तर झाकण उघडून रोल पुन्हा भरायचा. दोन मिनिटं जातात, छत्तीस फोटो वाचतात.

घराघरांतल्या कपाटांतून जुने कॅमेरे सध्या पुन्हा बाहेर निघताहेत. मुंबईच्या चोरबाजारात ते हाताळत उभी असलेली विशी-बाविशीतली मुलं दिसतात. पेन्टॅक्सने तर २०२४ मध्ये फिल्मवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणला. या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या चकत्यांवरच्या आकड्यांचा अर्थ काय? एकावर ६०, १२५, २५०, दुसरीवर ५.६, ८, ११, आणि डबीवर ४००. तीन वेगळ्या भाषा वाटतात. प्रत्यक्षात ते एकच माप आहे आणि ते आपल्या आज्यांना पाठ होतं.

आमच्याकडे धान्य मापायची मापं होती. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. कॅमेऱ्यातला ‘स्टॉप’ तो हाच. एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट, एक उतरवला की निम्मा. चिपट्यापासून पायलीपर्यंत चार पायऱ्या आणि धान्य सोळापट. चार स्टॉप चढलात की प्रकाशही सोळापट. शिवाय शेर भरायला चार चिपटी ओता की दोन मापटी, शेर तेवढाच भरतो. एक्स्पोजरचं सगळं गणित या वाक्यात आलं.

डबीवरचा आकडा म्हणजे आयएसओ, जुन्या कॅमेऱ्यांवर एएसए. फिल्मला किती प्रकाशाची भूक आहे ते तो सांगतो. २०० च्या फिल्मला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या निम्म्यात ४०० च्या फिल्मचं भागतं. हे फुकट मिळत नाही. जलद फिल्ममधले चांदीच्या क्षारांचे कण मोठे असतात आणि प्रिंटवर ते रव्यासारखे दिसतात. मला स्वतःला ४०० च्या कृष्णधवल फिल्मचा हा रवा आवडतो, पण ती आवडीची गोष्ट झाली. लक्षात ठेवायचं ते एवढंच की मोबाइलसारखा हा आकडा दर फोटोला बदलता येत नाही. रोल भरताना तो कॅमेऱ्याला सांगायचा आणि रोल संपेपर्यंत हलवायचा नाही. के १००० वर शटरच्या चकतीची बाहेरची कडी उचलून तो लावतात.

शटरचे आकडे सोपे. १२५ म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग. ६०, १२५, २५०, ५००: दर पायरीला वेळ निम्मा. पन्नास मिलिमीटरची लेन्स हातात धरून १/६० च्या खाली गेलात तर हाताचा कंप फोटोत उतरायला लागतो, मग भिंतीचा किंवा तिपाईचा आधार हवा. ‘बी’वर शटर बोट उचलेपर्यंत उघडं राहतं.

बहुतेकांची गाडी ॲपर्चरच्या आकड्यांपाशी अडते. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. हे आकडे दुप्पट तर होत नाहीत. शिवाय आकडा वाढतो तसं लेन्समधलं छिद्र लहान होत जातं. यातलं मर्म असं की हा आकडा भागाकारातला आहे. लेन्सचं नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाने भागलं की तो मिळतो. पन्नासची लेन्स एफ/२ वर असेल तर छिद्र २५ मिलिमीटरचं, एफ/१६ वर जेमतेम ३ मिलिमीटरचं. प्रकाश किती येणार हे व्यासावर नव्हे, क्षेत्रफळावर ठरतं. व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून नुसतं दुप्पट हवं असेल तर व्यास साधारण १.४ पटच वाढवावा लागतो. ते १.४ म्हणजे दोनाचं वर्गमूळ. आता आकडे एकाआड एक वाचा: २, ४, ८, १६. आणि १.४, २.८, ५.६, ११. दोन दुपटीच्या रांगा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. हे एकदा कागदावर मांडून बघितलं की जन्मभर विसरत नाही.

आता मेणवलीच्या घाटावर या. डिसेंबरातली सकाळ, अकराचं स्वच्छ ऊन, कॅमेऱ्यात ४०० चा रोल. जुन्या छायाचित्रकारांचा नियम असा की लख्ख उन्हात ॲपर्चर १६ ठेवायचं आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळचं. चकतीवर ४०० नाही, म्हणून ५००. एफ/१६ ला १/५००. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा सेल संपलेला असला तरी फोटो येतो, कारण के १००० मध्ये सेल फक्त मीटरला लागतो, शटर चावीच्या घड्याळासारखं यंत्रावर चालतं. (या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सचं झाकण लावून ठेवलं नाही तर सेल संपत राहतो.)

समोर पाण्यात उडी मारणारा पोरगा आहे. त्याला हवेत थिजवायला १/१००० हवं. शटरवर एक स्टॉप गेला, तो ॲपर्चर ११ करून भरून काढला. माप तेवढंच. आता पायरीवर बसलेल्या आजींचा चेहरा टिपायचा आहे आणि मागची गर्दी पुसट हवी. उन्हात ४०० च्या फिल्मवर ॲपर्चर ११ च्या पुढे उघडता येत नाही, कारण शटर १/१००० लाच संपतं. म्हणून आजींना वाड्याच्या ओसरीवर सावलीत बसायची विनंती करायची. तिथे प्रकाश तीन स्टॉपने उतरलेला असतो: १/५०० ला ५.६ किंवा १/१००० ला ४. ॲपर्चर जितकं उघडाल तितका फोकसचा पट्टा अरुंद होतो. आजींचे डोळे धारदार आणि मागचे खांब विरघळलेले. घाटाच्या पायऱ्या काठापासून नदीपर्यंत स्पष्ट हव्या असतील तर उलट, ११ किंवा १६.

असे नियम सांगितले की शिकणारे विचारतात, मग मीटर कशाला? मीटर लागतोच, फक्त त्याचा स्वभाव ठाऊक हवा. समोरचं दृश्य एकंदरीत मध्यम राखाडी आहे असं धरून तो काटा हलवतो. घाटाचा काळा दगड चौकटभर असेल तर तो जास्त प्रकाश मागतो आणि दगड राखाडी येतो. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरं धोतर अशा वारकऱ्यांची रांग समोर असेल तर तो प्रकाश तोडतो आणि पांढरं मळकट येतं. वारकऱ्यांसाठी एक-दीड स्टॉप वाढवायचा, दगडासाठी तेवढाच कमी करायचा. गोंधळ झाला तर आपला तळहात त्याच प्रकाशात धरून त्यावर मापायचं आणि एक स्टॉप जास्त द्यायचा; तळहात राखाडीपेक्षा साधारण तेवढा उजळ असतो. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश बराचसा सोसते, कमी प्रकाश सोसत नाही. सावलीत जे टिपलंच गेलं नाही ते कुठलीच प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. म्हणून शंका आली तर जास्त द्या. स्लाइड फिल्मचं मात्र बरोबर उलट.

धुलाईबद्दल थोडंच. रंगीत निगेटिव्ह सी-४१ पद्धतीने ३७.८ अंशांवर धुतात, ते स्टुडिओवरच सोपवा. कृष्णधवल घरी जमतं, पण त्याची बहुतेक कोष्टकं २० अंशांची असतात. एप्रिल-मेमध्ये आपल्या नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम येतं. तेव्हा रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करूनच सुरुवात करा. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमटपणात लेन्सवर बुरशी धरते, ती काचेवरचा लेप खाते. कॅमेरा चामड्याच्या बंद कव्हरात न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

शिकायचं असेल तर सुरुवातीचे तीन रोल एकाच जातीचे घ्या, लेन्स एकच ठेवा आणि खिशात छोटी वही बाळगा. दर फोटोला चार गोष्टी लिहा: क्रमांक, शटर, ॲपर्चर, ऊन कसं होतं. रोल धुऊन आला की वही आणि निगेटिव्ह शेजारी ठेवून खिडकीत बसा. हल्ली अनेकजण ईमेलवर स्कॅन मागवतात आणि निगेटिव्ह दुकानातच सोडून येतात. स्कॅनर उजेड-अंधार आपल्या आपण सावरतो, त्यामुळे तुमची चूक त्यात झाकली जाते. निगेटिव्हवर ती लख्ख दिसते: फिकट चौकटीला प्रकाश कमी पडला, गडद चौकटीला जास्त. रोल धुवायला देताना काउंटरवर एवढं नक्की सांगा, निगेटिव्ह टाकू नका, मला परत हव्यात.