सामायिक दफ्तर

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिचा बाह्य क्रम आजही फारसा पालटलेला नाही, आषाढात लेखकांना पत्रे जावीत, श्रावण-भाद्रपदात मजकूर यावा आणि पितृपक्षात मुद्रितांचा ढीग शोधकापुढे पडावा, हे तसेच चालू आहे. पालटले आहे ते दफ्तर. पुण्यातील ज्या एका लहानशा अंकाच्या कामात मी दरवर्षी हातभार लावतो, त्याचे सारे कागद आता गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरात असतात. लेखक बडोद्यात, चित्रकार सावंतवाडीत, मुद्रितशोधक सदाशिव पेठेत आणि अनुवादिका न्यू जर्सीत, असा विखुरलेला कबिला त्या एका ठिकाणी नांदत असतो. यांपैकी कोणी कोठवर यावे आणि कशास हात लावावा, हे ठरविण्याचा अखत्यार संपादिकाबाईंचा. आणि हे काम लेख निवडण्याइतकेच जोखमीचे आहे, असे माझे मत दरवर्षी दृढ होत चालले आहे.

अधिकारांची प्रतवारी वरकरणी सोपी दिसते. एकास केवळ वाचता येते, दुसऱ्यास शेरा लिहिता येतो व दुरुस्ती सुचविता येते, तिसऱ्यास मजकुरात प्रत्यक्ष फेरफार करता येतो, आणि या सर्वांवर मालक. मुद्रितशोधक काकांना बाईंनी मधली पायरी दिलेली आहे. काकांनी खोडलेला शब्द नाहीसा होत नाही. त्यावर रेघ ओढली जाते, नवा शब्द रंगीत अक्षरांत शेजारी उभा राहतो, आणि बाईंनी मान्यतेची खूण दाबली म्हणजेच तो मजकुरात रुजू होतो. पहिल्या वर्षी काकांना हे रुचले नव्हते. “अहो बाई, मी ऱ्हस्वाचे दीर्घ केले तरी जुने दिसतेच आहे,” अशी त्यांची तक्रार असे. “काका, अजून माझी मंजुरी व्हायची आहे,” हे बाईंचे ठरलेले उत्तर. आता काका स्वतःच म्हणतात, की आपली प्रत्येक दुरुस्ती लेखकाने डोळ्यांनी पाहावी हेच बरे, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

फेरफाराचा अधिकार मात्र बाई हात आखडून देतात, आणि त्याचे कारण बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मजकूर बिघडेल ही भीती तितकी खरी नाही, कारण कोणता बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते आणि कालची आवृत्ती आज परत आणता येते. परंतु हीच नोंद फेरफाराचा अधिकार असलेल्या प्रत्येकास खुली असते. नुसत्या वाचणाऱ्यास ती दिसत नाही. एखाद्या कवीने तेथेच बसून कविता रचली असेल, तर रात्री लिहून पहाटे खोडलेली कडवी, प्रथम घातलेले आणि मग विचारांती गाळलेले एखादे नाव, हे सारे त्या नोंदीत जसेच्या तसे पडून असते. हस्तलिखितातील खाडाखोड पूर्वी खिळे जुळविणाऱ्यापर्यंत जाई आणि बहुधा तेथेच विरून जाई. आता ती चारचौघांसमोर उलगडता येते. म्हणून कवींनी पाठविलेला मजकूर बाई नव्या कोऱ्या फायलीत उतरवून घेतात, म्हणजे तिचा इतिहास त्या दिवसापासूनच सुरू होतो. संपादनातील सभ्यता कशास म्हणावी, हे मला त्यांच्या या एका सवयीवरून कळले.

खरी कसोटी अवेळी येते. एका लेखकाचे दोन पत्ते असतात, एक कचेरीचा व एक घरचा. अधिकार दिलेला असतो एकास आणि संगणक उघडा असतो दुसऱ्या नावाने, आणि मग मध्यरात्री बाईंच्या टपालात परवानगी मागणारा अर्ज येऊन पडतो. पाठोपाठ फोन येतो, “उघडतच नाही हो!” अशा वेळी एक सोपी वाट खुणावत असते: लिंक ज्याच्या हाती पडेल त्या सर्वांस प्रवेश. एकदा ती वाट धरली की अर्ज बंद होतात आणि झोप लागते. परंतु ती लिंक व्हॉट्सॲपवरून कोठे कोठे फिरते याचा हिशेब कोणापाशीच राहत नाही. अशा वाटेने निनावी आलेल्या माणसास पडद्यावर एखाद्या प्राण्याचे नाव मिळते, आणि कोणी एक अनामिक कॅपिबारा संपादकीयाच्या तिसऱ्या परिच्छेदावर रेंगाळत असल्याचे आम्ही दोघांनी बसून पाहिले आहे. शिवाय ही लिंक खुली असेतोवर यादीतून एखाद्याचे नाव कमी करणे व्यर्थ असते, कारण तो त्याच लिंकने पुन्हा आत येतो.

फोल्डराचेही असेच. त्यास दिलेला अधिकार आतील कागदांसही लागू होतो, त्यामुळे मानधनाचा तक्ता कोणी घाईने लेखांच्या फोल्डरात सरकविला, तर कोणास किती मिळणार हे सर्व लेखकांस विनासायास कळते. आणि लेखक मंडळींत याहून स्फोटक मजकूर दुसरा नाही. हिशेबाचा फोल्डर म्हणूनच पहिल्यापासून वेगळा ठेवलेला आहे. फेरफाराचा अधिकार असलेला माणूस आपण होऊन आणखी कोणास आत घेऊ शकतो, ही मूळची सवलतही बाई आठवणीने काढून टाकतात.

मालकीचा प्रश्न सहसा निवांतपणी सुचतो. चित्रकाराने सामायिक फोल्डरात ठेवलेले मुखपृष्ठ दिसते आमच्या घरात, पण मालकी त्याची असते. त्याच्या फुकट मिळालेल्या १५ जीबीतली जागा ते अडविते, आणि जागा रिकामी करण्यासाठी त्याने ते टोपलीत टाकले, तर ३० दिवसांनी ते कायमचे जाते. यावर अंक छापावयास जाताच सर्व चित्रांची प्रत उतरवून घेणे हा उपाय बाईंनी पत्करला आहे.

शिवकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते पुढे कोणी अक्षर वाढवू नये म्हणून. त्याच हेतूने मजकूर अंतिम झाला, की बाई सर्वांचे अधिकार वाचनापुरते उतरवितात. इथवर कोणाची हरकत नसते. अवघड भाग दिवाळीनंतर येतो, कारण अधिकार देताना प्रत्येक जण मागणारा असतो, आणि काढून घे असे सांगावयास कोणीच येत नाही. तीन वर्षांपूर्वीचा जाहिरात आखणारा मुलगा आज दुसऱ्या अंकाकडे असला, तरी आमचा फोल्डर त्याला दिसतच राहतो, आणि यात त्याचा काडीमात्र दोष नसतो. नावे उतरविण्याचा हा निर्मम उद्योग बाई एका बैठकीत उरकतात. ज्यांनी आधीच नकला उतरवून घेतल्या त्यांच्यावर याचा काही परिणाम होत नाही, हे त्यांना ठाऊक असते. एका ज्येष्ठ कथाकारांनी मात्र फोन करून विचारले, “बाई, माझे काही चुकले का? मला बाहेर काढलेत!” त्यांची समजूत घालण्यात बाईंचा निम्मा तास गेला. तेव्हापासून आषाढातल्या आमंत्रणपत्रातच एक वाक्य असते, की कार्तिकी पौर्णिमेस दफ्तर सर्वांसाठी बंद होईल, आपली प्रत त्यापूर्वी उतरवून घ्यावी; आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी बाई कथाकारांस स्वतः फोन करतात.