‘सीडी-११७ पॉझिटिव्ह’ आहे, पण म्युटेशन कोणतं?

ठाणे, डोंबिवली, कल्याणहून परळच्या टाटा मेमोरियलला निघालेल्या कुटुंबाच्या फायलीत एक ओळ असते: ‘सीडी-११७ पॉझिटिव्ह’. ती वाचून घरचे समजतात, जनुकाची तपासणी झाली. पण तसं नसतं. सीडी-११७ ही पेशीवरचं किट नावाचं प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी आहे. गाठ ‘जिस्ट’ (पचनमार्गाच्या भिंतीत सुरू होणारा एक ट्यूमर) प्रकारची आहे हे ठरवायला तिची मोठी मदत होते. किट जनुक नेमकं कुठे बिघडलंय, म्हणजे म्युटेशन कोणतं, हे मात्र ब्लॉकमधून, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यातून, डीएनए काढून वेगळं तपासावं लागतं. म्हणून नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, बायॉप्सी केलेल्या लॅबमधून ब्लॉकही मागून घ्यावा.

जिस्ट बहुतेक वेळा जठरात किंवा लहान आतड्यात होते. क्वचित ती पचनमार्गाबाहेर सापडते: आतड्यांवर झालरीसारख्या पसरलेल्या ओमेंटममध्ये, आतडी धरून ठेवणाऱ्या मेसेंटरीत किंवा पोटाच्या मागच्या भागात. ‘आतड्याबाहेर आहे म्हणजे पसरलीच’ हा निष्कर्ष घाईचा आहे. गाठ तिथलीच असू शकते, आतड्याच्या भिंतीवरून बाहेर वाढून सुटलेली असू शकते, आणि दुसरीकडून आलेलीही असू शकते. स्कॅन आणि ऑपरेशनच्या नोंदी पाहूनच ते ठरतं. पोटात जागा भरपूर असल्याने अशी गाठ बरीच मोठी होईपर्यंत त्रास देत नाही. पुढचा अंदाज बांधताना तिचा आकार, पेशी विभागण्याचा वेग आणि ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशनमध्ये ती फुटली का, या तिन्ही गोष्टी पाहिल्या जातात.

‘म्युटेशन आहे, मग मुलांनाही होणार का?’ बहुतेक रुग्णांत हा बदल फक्त गाठीच्या पेशींत झालेला असतो, तो पुढच्या पिढीत जात नाही. रुग्ण लहान वयाचा असेल, गाठी अनेक असतील, घरात आणखी कोणाला असा आजार झाला असेल किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा जनुकीय विकार असेल, तर जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘म्युटेशन म्हणजे वाईट बातमी’ या समजुतीने. किटमधला दोष अनेक जिस्टच्या मुळाशी आहे, हे जपानमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. २००० मध्ये फिनलंडमधल्या एका महिला रुग्णाला इमॅटिनिब हे औषध दिलं आणि तिच्या गाठी आटल्या. किट जनुकाच्या एक्झॉन ११ या भागात बदल असेल तर हे औषध सहसा चांगलं लागू पडतं. त्याच एक्झॉनमधली काही डिलीशन्स (जनुकाचा तुकडा गळून पडणं) असलेल्या गाठी औषधाशिवाय आक्रमक वागतात, तरीही औषधाला दाद देतात. बदल एक्झॉन ९ मध्ये असेल आणि आजार पसरलेला असेल, तर डॉक्टर रोज ४०० ऐवजी ८०० मिलिग्रॅमचा विचार करतात. पीडीजीएफआरए जनुकातला डी८४२व्ही या बदलाचं उलटं असतं: गाठ अनेकदा संथ वाढते, पण इमॅटिनिबला जुमानत नाही. त्यासाठी अवाप्रिटिनिब हे वेगळं औषध आहे, अमेरिकेत ते २०२० मध्ये मंजूर झालं. एसडीएच या एन्झाइमच्या कमतरतेच्या गाठींवरही इमॅटिनिबचा फारसा उपयोग होत नाही. म्हणजे ‘गाठ कशी वागेल’ आणि ‘औषध लागू पडेल का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. माझ्या मते गोळी सुरू होण्याआधीच म्युटेशन रिपोर्टची विचारणा व्हायला हवी. चुकीच्या गोळीवर गेलेले महिने परत येत नाहीत.

‘ही औषधं आपल्या आवाक्यातली नाहीत’ हा समज इमॅटिनिबपुरता तरी जुना झाला. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिवेकचा, म्हणजे इमॅटिनिबच्या ब्रँडचा, पेटंट अर्ज १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कंपनीच्या विरोधात उभी होती. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. अवाप्रिटिनिबसारखी नवी औषधं मात्र आजही महाग आहेत.

एक समज तर थेट जिवावर बेततो: ‘गाठ लहान झाली, आता गोळी बंद’. ऑपरेशननंतर धोका जास्त असलेल्या रुग्णांना साधारण तीन वर्षं इमॅटिनिब देतात. पसरलेल्या आजारात ते आजार काबूत असेपर्यंत चालूच ठेवतात. फ्रान्समधल्या बीएफआर-१४ चाचणीत, गोळी मध्येच थांबवलेल्या बहुतेक रुग्णांत आजार पुन्हा वाढला. डोळ्यांभोवती सूज, मळमळ, पायात गोळे येणं यांनी हैराण झालात तर डॉक्टरांना सांगा. डोस बदलता येतो, सोबत दुसरी औषधंही देता येतात.