आजच्यापुरती भाकर

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना शिकवलेली प्रार्थना फार लहान आहे. सावकाश म्हटली तरी मिनिटभरात संपते. ती मराठीत आणताना भाषांतरकारांनी एका जागी ‘भाकर’ हा साधा, चुलीजवळचा शब्द घातला. देवाकडे मागायची ती रोजची भाकर, आणि तीही आजच्यापुरती. दूर पॅलेस्टाइनमधली जवागव्हाची रोटी आपल्याकडे येता येता शाळूची भाकर होऊन बसली. पुढची मागणी ‘ऋण’ सोडण्याची आहे. आम्ही दुसऱ्यांची ऋणं सोडतो, तशी तू आमची सोड, असा तिचा आशय. ज्याची तीस-पस्तीस वर्षं कर्जं देण्यात आणि वसूल करण्यात गेली, त्याचे कान या शब्दापाशी टवकारणारच. मी ख्रिस्ती नाही. तरी भाकर आणि ऋण या दोन शब्दांनी मला त्या प्रार्थनेशी बांधून ठेवलं आहे.

या मागणीतला अवघडपणा कळायला आष्ट्यासारखं गाव बघावं. सांगलीहून इस्लामपूरकडे जाताना लागणारं हे हळदीचं आणि उसाचं गाव. इथं पैसा येतो तो उसाचं बिल जमा झाल्यावर किंवा हळदीची पट्टी हातात पडल्यावर. मधले महिने सोसायटीच्या कर्जावर, दुकानदाराच्या वहीवर आणि पुढच्या हंगामाच्या भरवशावर काढायचे. जिथं सगळा संसारच उद्यावर तारण ठेवलेला, तिथं देवाकडे फक्त आजच्यापुरतं मागायचं, ही सोपी गोष्ट नाही. पण कृष्णाकाठी अशी मागणी करणारी घरं चार-पाच पिढ्यांपासून आहेत.

१८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात येऊन राहिले. पुढे प्रेस्बिटेरियन मिशनचं काम कोडोली, सांगली, मिरज, इस्लामपूर असं पसरत गेलं. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. ख्रिस्ती झालेल्यांत गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली माणसं पुष्कळ होती. त्यांना काय मिळालं याची चर्चा आपण फार करतो, त्यांनी काय मोजलं याची क्वचित करतो. भावकी तुटे, लग्नकार्यातलं बोलावणं बंद होई. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती झालेला दलित मात्र त्या यादीबाहेरच राहिला. एकाच आजोबांच्या दोन नातवांपैकी एकाला शिष्यवृत्ती आणि दुसऱ्याला नाही, हे चित्र या भागात नवं नाही. तरीही दर रविवारी ही माणसं धुतलेले कपडे घालून उपासनेला जातात आणि मराठी भजनं टाळाच्या ठेक्यावर म्हणतात. त्यांतली कितीतरी भजनं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची असतात.

टिळकांचं नाव घेतलं की लक्ष्मीबाईंचं नाव येतंच. ख्रिस्ती श्रद्धा मराठी संसारात कशी उतरली, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’इतका दुसरा चांगला वाटाड्या नाही. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेली ही मुलगी. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की मीठसुद्धा धुऊन घरात यायचं. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालं, ते एका कवीशी. कवी थोर होता, पण घरखर्चाच्या दृष्टीनं अवघड माणूस. पगार हातात आला की तो समोर येईल त्याला देऊन मोकळं व्हायचं, आणि संध्याकाळी चूल कशी पेटणार हा प्रश्न बायकोसाठी ठेवायचा. काही मुलं लहानपणीच गेली. त्यातच १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

त्या काळात नवरा ख्रिस्ती होणं म्हणजे बायकोच्या दृष्टीनं काय, याची कल्पना आज यायची नाही. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू, आणि संसार मात्र मोडलेला. जवळजवळ पाच वर्षं लक्ष्मीबाईंनी लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं काढली. मग त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आल्या त्या आपलं सोवळं बरोबर घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही आणि बाईंनीही नवऱ्याला बरं वाटावं म्हणून काही मान्य केलं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सोडवला, आणि उत्तर सापडल्यावर आधी पाण्याचा विटाळ सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे त्यांची श्रद्धा स्वयंपाकघरातून, घागरीच्या वाटेनं आत आली.

पुढचा संसार सुखाचा झाला असंही नाही. पैशांची ओढ संपली नाही. घरात आपली मुलं, दुसऱ्यांची मुलं, विद्यार्थी, पाहुणे यांचा राबता. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी काही काळ राहिले होते. हिंदू घरातला तो हळवा मुलगा ख्रिस्ती घरात घरचा होऊन गेला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ते आपल्या साताऱ्याला आले. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताच्या नावानं तिथं एकत्र बसता यावं, अशी त्यांची कल्पना होती. वयाच्या पंचावन्न-छप्पन्नाव्या वर्षी ठरावीक पगार सोडणाऱ्या नवऱ्यामागे उभं राहायचं, हे त्या ‘दरबारा’तलं न दिसणारं काम लक्ष्मीबाईंकडे होतं. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर या घराची पत शून्य होती. कुठल्याही शाखाधिकाऱ्यानं त्यांचा कर्जाचा अर्ज बाजूला ठेवला असता. पण त्या घरातून कुणी उपाशी गेलं नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येतं, आणि हसता हसता लक्षात येतं की ही बाई आपल्याला उपासमारीच्या गोष्टी सांगते आहे.

आमच्या भागात या श्रद्धेचा दुसरा पत्ता मिरजेचा. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांचं मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं. आष्ट्यासारख्या गावांतून, कर्नाटकातून, कोकणातून बैलगाड्यांनी आणि आगगाडीनं रोगी येत. ‘मिरजेला नेलं’ एवढं म्हटलं की माणसं समजून जात. शस्त्रक्रियेआधी तिथं प्रार्थना होई. रोग्याचे नातेवाईक आवारात तीन दगडांची चूल मांडत. मिरजेच्या दर्ग्याला नवस बोललेला, गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी त्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडून उभा राही. यात आपण काही विशेष करतो आहोत, असं कुणालाच वाटत नसे. या रुग्णालयांनी कृष्णाकाठच्या अनेक ख्रिस्ती घरांतल्या मुलींना परिचारिका केलं, पांढरा गणवेश दिला आणि महिन्याचा पगार दिला.

अशाच एका परिचारिकेचं खातं माझ्याकडे होतं. आष्ट्याच्या शाखेत मी दोनदा होतो, १९९६ च्या सुमारास अधिकारी म्हणून आणि २००३ मध्ये शाखाधिकारी म्हणून. ही बाई निवृत्त होऊन माहेरच्या गावी राहायला आलेली. सगळे तिला सिस्टर म्हणत. फंडाचे दीड लाख रुपये तिनं मुदत ठेवीत ठेवले होते. तेव्हा व्याज बारा टक्के होतं. महिन्याला दीड हजार रुपये येत. त्यांतले दीडशे ती तिथंच काउंटरवर वेगळे काढून पाकिटात घाली. तो तिचा दशमांश. घरी नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला, मुलाची नोकरी कधी असे, कधी नसे.

२००३ मध्ये तिची ठेव नूतनीकरणाला आली, तेव्हा व्याजदर सहा टक्क्यांवर घसरले होते. दीड हजाराचे साडेसातशे झाले. दर वर ठरतात, पण ते ठेवीदाराच्या तोंडावर सांगायचं काम शाखेत बसणाऱ्याचं असतं. मी आकडा सांगितला. तिनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मी म्हटलं, “सिस्टर, आता तो दशमांश तरी थांबवा. तुमच्या देवालाही परिस्थिती कळत असेल.”

“तो थांबवायला कशाला पाहिजे, साहेब?” ती म्हणाली. “व्याज निम्मं झालं तसा दशमांशही निम्मा झाला की. देवानं हिशेब टक्क्यातच ठेवलाय. त्याला आमच्यासारख्यांची माहिती हाय.” आणि तिनं पंचाहत्तर रुपये पाकिटात घातले.

तिच्या नवऱ्याला बघायला मी एकदा घरी गेलो होतो. स्वच्छ खोली, फळीवर दोन पुस्तकं, एक बायबल आणि दुसरं कव्हर घातलेलं ‘स्मृतिचित्रे’. इतक्या वर्षांच्या अंथरुणात त्या माणसाच्या पाठीला एक जखम नव्हती. मी न राहवून विचारलं, “सिस्टर, जन्मभर दुसऱ्यांची सेवा केलीत, आणि वाट्याला हे आलं. असं का, हे कधी विचारावंसं वाटत नाही?”

“वॉर्डात रोज कोण ना कोण विचारायचंच की,” ती म्हणाली. “मला तवाबी उत्तर येत नव्हतं, आताबी येत न्हाई. मी पण विचारते त्याला, रागानं विचारते. पण दर दोन तासांनी ह्यांची कूस बदलावी लागती. तेवढ्यात ती वेळ होती.” बोलता बोलता तिनं घड्याळाकडे बघितलं आणि उठली. आम्ही दोघांनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं.

श्रद्धेवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. दुःखाचं कारण सांगण्याचा प्रयत्न त्यांतलं प्रत्येक करतं. सिस्टरनं कारण सांगितलं नाही. दोन तासांनी काय करायचं आहे, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं. आजच्यापुरती भाकर मागणाऱ्या माणसाची आशाही बहुधा एवढीच असते, पुढच्या दोन तासांची. पण ती खरी असते. मोठमोठ्या आशा थकबाकीत जाताना मी बघितल्या आहेत. उसावर बंगला आणि बंगल्यावर कर्ज असे मनोरे कोसळले, तेव्हा मागे राहिलेल्या बायकांनी घर सावरलं ते असंच, एका वेळी एक दिवस.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, पाणी चढलं ५७ फुटांच्या वर. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. नदीकाठची गावं रिकामी झाली आणि माणसं उंचावरच्या गावांतून, नातेवाइकांकडे, शाळांत, मंगल कार्यालयांत शिरली. आष्ट्याकडेही आली. पाणी ओसरल्यावर मी ओळखीच्यांची विचारपूस करत फिरत होतो. सिस्टर तेव्हा ऐंशीच्या घरात, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन खोल्यांच्या त्या घरात तिनं दोन कुटुंबं ठेवून घेतली होती, लहानमोठी अकरा माणसं. तिच्या ओळखीचं त्यांत कुणी नव्हतं. १२ तारखेचा श्रावणी सोमवार आला, तेव्हा त्या बायकांचे उपवास होते. सिस्टरनं त्यांच्यासाठी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी केली. संध्याकाळी ती आपली प्रार्थना म्हणायला बसली, तर त्या बायकाही पोरांना घेऊन शेजारी बसल्या. त्यांतली एक मला म्हणाली, “आजी देवाकडं भाकर मागत होती, आणि भाकरी तर तीच आम्हाला थापून देत होती.”

ती बाई हे हसत हसत म्हणाली. मला ते प्रार्थनेवरचं चांगलं भाष्य वाटलं. त्या मागणीत ‘मला’ नाही, ‘आम्हाला’ आहे. त्यामुळे मागणाऱ्याच्या हातात भाकरी पडली, की वाटणीचं काम त्याच्याकडे येतं. ऋण सोडण्याचंही तसंच. देवानं आपलं सोडावं म्हणून आधी आपण कुणाचं तरी सोडायचं. भावकीनं टाकलेली, सवलतींच्या यादीतून वगळलेली माणसं हा व्यवहार चार पिढ्या करत आली आहेत आणि त्याची पावती त्यांनी कुणाकडे मागितलेली नाही.

सिस्टरच्या फळीवरच्या त्या दुसऱ्या पुस्तकाच्या लेखिकेचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. येशूचं चरित्र ओवीत सांगणारं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं होतं. त्याचे दहा-अकरा अध्याय तेवढे लिहून झाले होते. लक्ष्मीबाईंनी कधी शाळा पाहिली नव्हती, अक्षरओळख नवऱ्यानं करून दिलेली. पन्नाशी ओलांडलेल्या या विधवेनं पोटापाण्याची कामं केली, मुलाचा संसार बघितला, नातवंडं खेळवली, आणि त्यातून सवड काढून ‘ख्रिस्तायना’चे साठाहून अधिक अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपानं येऊ लागलं, तेही मुलानं टिळकांच्या आठवणी लिहून दे म्हणून लकडा लावल्यामुळे. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा ‘ख्रिस्तायन’ पुरं व्हायला थोडंसंच उरलं होतं. ते मुलानं, देवदत्तनं पूर्ण केलं आणि १९३८ साली छापून काढलं. बापानं सुरुवात केली, आईनं नेलं तेवढं पुढं नेलं, राहिलेलं मुलाच्या वाट्याला आलं.